घरून भरणाऱ्या शाळेची हजेरी : नियम ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
शाळा व्यवस्थापन, मुख्याध्यापक आणि हजेरीचे नियम काढणारे सर्व शिक्षण अधिकारी

विषय : ऑनलाइन आणि घरून चालणाऱ्या शिक्षणात विद्यार्थ्यांची हजेरी कशी धरावी, याबाबत

महोदय, महोदया,

शाळेची इमारत बंद आणि अभ्यास सुरू, अशी वेळ आली की पालकांना एक सूचना जाते. तिच्यातली हजेरीची ओळ जवळजवळ सगळीकडे सारखीच असते : ‘विद्यार्थ्यांनी सर्व तासिकांना वेळेवर व कॅमेरा सुरू ठेवून उपस्थित राहणे बंधनकारक आहे.’ वर्गखोलीतला नियम जसाच्या तसा पडद्यावर आणून ठेवला, की ही ओळ तयार होते. घरून भरणाऱ्या शाळेत ती टिकत नाही. का टिकत नाही आणि तिच्या जागी काय असावं, हे आम्ही तपशिलात मांडत आहोत. आम्ही म्हणजे वर्गशिक्षक, कॅटलॉग (हजेरीपट) तपासणारे पर्यवेक्षक आणि शाळेतली संगणकाची कामं सांभाळणारे काही जण.

आमचं मागणं एकच आहे. त्या दिवशी मुलाचा अभ्यासाशी खरोखर संबंध आला का, आणि आला नसेल तर त्याला कोण, किती तासांत शोधणार, या दोन प्रश्नांची उत्तरं हजेरीतून मिळाली पाहिजेत. पडद्यावर किती मिनिटं नाव दिसलं, या आकड्यातून यातलं एकही उत्तर मिळत नाही.

वर्गात हजेरी सोपी असते, कारण मूल दारातून आत आलं की बाकी सगळं शाळेचं असतं : बाक, फळा, उजेड, घंटा, शांतता. घरून शिकताना यातली प्रत्येक गोष्ट घराने पुरवायची असते. वीज हवी, फोन किंवा संगणक हवा, तो त्या वेळी रिकामा हवा, डेटा हवा, रेंज हवी, बसायला कोपरा हवा आणि लहान मूल असेल तर शेजारी एक मोठं माणूसही हवं. यातलं काहीही कमी पडलं तरी कॅटलॉगमध्ये एकच खूण उमटते, ‘ग’. कारणं सात आणि खूण एक. त्यामुळे महिनाअखेरीला कॅटलॉग हातात घेऊन बसलं तरी पुढे काय करायचं ते त्यातून कळत नाही.

ही अडचण मूठभर घरांची नाही. २०२० मध्ये युनेस्कोच्या नोंदींनुसार १९० हून अधिक देशांत शाळा बंद झाल्या आणि सुमारे १६० कोटी विद्यार्थी घरी बसले. त्याच वर्षाच्या अखेरीला युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने मिळून एक अहवाल काढला. ३ ते १७ वयोगटातल्या मुलांपैकी दोनतृतीयांश, म्हणजे सुमारे १३० कोटी मुलांच्या घरी इंटरनेट नाही, असं त्यात म्हटलं होतं. त्यानंतर जोडण्या वाढल्या हे खरं. पण जोडणी असणं वेगळं आणि चार तासिका सलग पुरेल इतका डेटा असणं वेगळं.

डेटाचा हिशेब नियम लिहिण्याआधी कागदावर मांडून बघावा. व्हिडिओ वर्गाला सेकंदाला १ मेगाबिट वेग लागतो असं धरलं, तर तासाला ४५० मेगाबाइट खर्च होतात. ४५ मिनिटांच्या चार तासिका म्हणजे तीन तास, म्हणजे १,३५० मेगाबाइट. घरात दोन मुलं असतील तर २,७०० मेगाबाइट, आणि तेही एका दिवसाचे. तोच वर्ग फक्त आवाजावर चालवला आणि आवाजाला सेकंदाला ६४ किलोबिट धरले, तर तासाला २९ मेगाबाइटच्या आत काम होतं. म्हणजे ‘कॅमेरा सुरू ठेवा’ या तीन शब्दांनी शाळा घराच्या खर्चात किती भर घालते, हे नियम लिहिणाऱ्याला ठाऊक असायला हवं. मुलाने स्वतःचा कॅमेरा बंद ठेवला तर त्याच्याकडून जाणारा डेटा वाचतो. त्याने समोरून येणारी चित्रंही बंद केली, तर खर्च अगदी थोडा राहतो. बहुतेक ॲपमध्ये येणारा व्हिडिओ बंद करण्याची किंवा डेटा वाचवण्याची सोय असते. ती कुठे आहे हे पहिल्याच दिवशी पडद्याचं चित्र पाठवून पालकांना दाखवावं.

आता हजेरीचा जो पुरावा म्हणून धरला जातो, त्या लॉगकडे येऊ. वर्ग संपल्यावर ॲप एक तक्ता देतं : नाव, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ, एकूण मिनिटं. तक्ता नेटका दिसतो म्हणून त्यावर विश्वास बसतो, आणि फसगत इथेच होते.

एक उदाहरण घ्या. तासिका ९ ते ९:४५. नियम असा, की ७५ टक्के वेळ, म्हणजे ३४ मिनिटं आत असलेलं मूल हजर. एका मुलीच्या नावासमोर पहिली ओळ आहे ९:०२ ते ९:१४. मग रेंज गेली. दुसरी ओळ ९:१७ ते ९:३१. तिसरी ओळ ९:२९ ते ९:४४, पण नाव वेगळं, कारण आधीचा फोन अडखळायला लागल्यावर ती घरातल्या दुसऱ्या फोनवरून आली आणि तिथे फोनच्या मालकाचं नाव होतं. फक्त पहिली ओळ पाहिली तर १२ मिनिटं, म्हणजे गैरहजर. तिच्या नावाच्या दोन ओळी मिळवल्या तर २६, तरीही गैरहजर. तिन्ही ओळींची बेरीज केली तर ४१. खरा आकडा यातला एकही नाही. ९:२९ ते ९:३१ ही दोन मिनिटं दोन्ही फोन आत होते, ती एकदाच मोजायची, म्हणजे ३९ मिनिटं. मुलगी हजर आहे. पण हे कळायला माणसाने ओळी जुळवून वाचाव्या लागतात, आणि ‘एकूण मिनिटं’ हा रकाना त्यासाठी पुरत नाही.

म्हणून लॉग वापरायचाच असेल तर काही गोष्टी आधी करून घ्याव्यात. प्रत्येक मुलाने आत येताना आधी हजेरी क्रमांक आणि मग नाव लिहावं, ‘१७ सायली’ असं. मग तक्ता क्रमांकाने लावला की एकाच मुलाच्या ओळी एकाखाली एक येतात. शाळेने प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचं लॉगिन दिलं असेल तर उत्तमच, पण भावंडं एकाच फोनवर असतील तर धाकट्याच्या तासाला थोरल्याचं लॉगिन दिसणारच, हे गृहीत धरावं. ॲपकडून हा तक्ता बहुधा सीएसव्ही फाइल म्हणून मिळतो; ती एक्सेलमध्ये थेट उघडली की देवनागरी नावांच्या जागी अनेकदा निरर्थक चिन्हं दिसतात. फाइल बिघडलेली नसते. ती ‘डेटा’ मेनूतून आयात करून यूटीएफ-८ हा पर्याय निवडला की नावं नीट वाचता येतात. ही एवढीशी गोष्ट माहीत नसल्यामुळे तासन्‌तास हाताने नावं भरण्यात जातात.

काही वेळा मुलाला बाहेर शाळेनेच ठेवलेलं असतं आणि खूण मात्र मुलाच्या नावापुढे पडते. झूमच्या मोफत खात्यात गटाची बैठक ४० मिनिटांनी आपोआप बंद होते. वेळापत्रकात तासिका ४५ मिनिटांची असेल तर शेवटच्या पाच मिनिटांसाठी सगळ्यांनी पुन्हा आत यावं लागतं आणि तेवढ्यासाठी निम्मी मुलं परत येत नाहीत. अशा खात्यावर वर्ग घ्यायचा असेल तर तासिकाच ३५ मिनिटांची लावावी. ॲपमधला प्रतीक्षाकक्ष, म्हणजे शिक्षकांनी आत घेईपर्यंत थांबायची जागा, सुरू ठेवलेला असेल आणि शिक्षक शिकवण्यात गुंतलेले असतील, तर उशिरा आलेलं मूल दाराबाहेर बसून राहतं आणि आत आल्याची त्याची नोंदच होत नाही. लिंक बदलली, पण जुनी लिंक वेळापत्रकात तशीच राहिली, तर जी मुलं गट सतत बघत नाहीत तीच नेमकी चुकतात. एखाद्या दिवशी एकाच तासिकेला तुकडीतल्या दहा मुलांची ‘ग’ पडली असेल, तर आधी लिंक तपासावी. घरी फोन करण्याची वेळ त्यानंतर येते.

कॅमेऱ्याबद्दल स्पष्टच सांगतो : कॅमेरा सुरू असणं ही हजेरीची अट असू नये. डेटाचं कारण वर आलंच. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या एका अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना कॅमेरा बंद का ठेवता असं विचारलं, त्याचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आपण कसे दिसतो याची काळजी हे कारण सर्वांत जास्त जणांनी दिलं होतं. मागे कोण दिसतं, घर कसं दिसतं, इंटरनेट पुरत नाही, हीही कारणं होती. ही तर वयाने मोठी मुलं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला चाळीस जणांसमोर घराची भिंत दाखवायला लावताना आपण त्याच्याकडून काय मागतो आहोत, याचा विचार व्हावा. आणि हजेरीचा पुरावा म्हणून चेहऱ्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवण्याची पद्धत तर ताबडतोब थांबवावी. ते फोटो शिक्षकांच्या खासगी फोनमध्ये राहतात, तिथून गटात जातात आणि मग कुणाच्याच ताब्यात राहत नाहीत. ओळख पटवायची गरज असेल तेव्हा, उदाहरणार्थ तोंडी परीक्षेला, एक मिनिट कॅमेरा सुरू करायला सांगणं पुरेसं आहे.

तोंडी हजेरी घ्यायची म्हटली तर वेळ बघा. नाव पुकारायचं, मुलाने माइक सुरू करायचा, ‘हजर’ म्हणायचं, पुन्हा बंद करायचा, याला सरासरी आठ सेकंद धरले तर पन्नास मुलांना ४०० सेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ सात मिनिटं. दिवसाच्या चार तासिकांत मिळून जवळजवळ सत्तावीस मिनिटं. तासाच्या मध्येच एक सांकेतिक शब्द सांगून तो चॅटमध्ये लिहायला लावण्याची युक्तीही चालत नाही, कारण तो शब्द पुढच्या मिनिटाला मुलांच्या गटात पोहोचलेला असतो. त्यापेक्षा शेवटच्या पाच मिनिटांत त्या दिवशी शिकवलेल्या भागावर एकच प्रश्न विचारावा आणि उत्तर एका छोट्या फॉर्मवर घ्यावं. फॉर्मवर नाव टाइप करायला लावू नये, यादीतून क्रमांक निवडायला द्यावा. एकच नाव चार तऱ्हांनी लिहिलं जातं आणि मग जुळवाजुळव करत बसावं लागतं. ज्याच्याकडे फॉर्म उघडत नाही त्याने उत्तर साध्या संदेशाने पाठवावं. उत्तर चूक असलं तरी हजेरी बरोबरच धरायची, हे मुलांना आधी सांगून ठेवावं, नाहीतर ती एकमेकांची उत्तरं उतरवत बसतील.

आता खुणांकडे. ‘ह’ आणि ‘ग’ या दोनच खुणांऐवजी पाच ठेवाव्यात असं आमचं ठाम मत आहे. ‘थ’ म्हणजे मूल थेट वर्गात होतं. ‘का’ म्हणजे थेट वर्गात नव्हतं, पण त्या दिवसाचं काम करून पाठवलं. ‘सं’ म्हणजे शिक्षकांचा मुलाशी फोनवर अभ्यासाचा संपर्क झाला. ‘त’ म्हणजे वीज, उपकरण, डेटा किंवा रेंज नसल्याचं घरून कळवलं. ‘ग’ म्हणजे यातलं काहीच नाही, मूल कुठे आहे ते शाळेला माहीत नाही. पहिल्या तीन खुणा हजेरीत धराव्यात.

‘सं’ या खुणेला एक पक्की अट हवी : बोलणं मुलाशी झालं पाहिजे. घरच्यांना फोन केला, त्यांनी ‘हो, करतो तो अभ्यास’ असं सांगितलं, यावर ही खूण पडू नये. पाच ते दहा मिनिटं बोलावं, धड्यातला एखादा प्रश्न विचारावा, वहीतलं काही वाचून घ्यावं. ही अट ढिली ठेवली की महिन्याभरात सगळा कॅटलॉग ‘सं’ने भरतो आणि मूल मात्र कुणीच पाहिलेलं नसतं.

‘त’ या खुणेवर ‘मग पालक रोज हेच कळवतील’ असा आक्षेप येतो. काही जण कळवतीलही. म्हणून ‘त’ पडली तरी त्या दिवसाचं काम माफ होत नाही, ते नंतर द्यायचं असतं. आणि महिन्यात तीनदा ‘त’ पडली की शाळेने स्वतः हालचाल करायची : छापील कार्यपत्रिका पोहोचवणं, जुना फोन उपलब्ध करून देणं, किंवा त्या मुलासाठी वर्ग आवाजावर घेणं. ‘त’ मागायला दाखला किंवा अर्ज लागू नये. एक ओळीचा संदेश किंवा ठरलेल्या नंबरवर दिलेला मिस्ड कॉल पुरे. ज्याच्याकडे डेटा नाही त्याला डेटा नसल्याचा फॉर्म ऑनलाइन भरायला सांगणारी सूचना निघू नये, एवढी तरी काळजी घ्यावी.

‘का’ ठरवायला काम कधी पोहोचलं हे न पाहता ते कोणत्या दिवसाचं आहे हे पाहावं. घरातला एकमेव फोन संध्याकाळी परत येतो, रेंज रात्री मिळते, फोटो दुसऱ्या दिवशी चढतो. म्हणून हजेरी त्या दिवशी कच्ची मांडावी आणि दोन शालेय दिवसांनी पक्की करावी. तोवर ‘ग’ची ‘का’ होऊ शकते. त्यानंतर बदल करायचा तर पर्यवेक्षकांच्या सहीने. वहीच्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात मुलाने तारीख आणि हजेरी क्रमांक पेनने लिहावा, कारण व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोतून तो कधी काढला ही माहिती निघून जाते आणि शिक्षकांना फक्त पोहोचल्याची वेळ दिसते. एका दिवसाला एक-दोन पानं पुरेत. दहा पानांचे फोटो मागितले तर पाठवणाऱ्याचा डेटा आणि तपासणाऱ्याची संध्याकाळ, दोन्ही जातात.

किती वेळाची अपेक्षा ठेवावी, याला दाखले आहेत. भारत सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये ‘प्रज्ञाता’ ही मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन ऑनलाइन सत्रं आणि नववी ते बारावीसाठी चार, अशी मर्यादा सुचवली होती. कॅलिफोर्निया राज्याने २०२०-२१ या वर्षासाठी केलेल्या कायद्याने वेगळी वाट धरली. तिथे दिवसाची किमान मिनिटं ठरवली : बालवर्गाला १८०, पहिली ते तिसरीला २३०, चौथी ते बारावीला २४०. पण ही मिनिटं पडद्यासमोर बसण्याची नव्हती. दिलेलं काम करायला किती वेळ लागेल याचा अंदाज शिक्षकांनी प्रमाणित करायचा आणि तो धरायचा, अशी तरतूद होती. रोजचा सहभागही थेट वर्गापुरता मर्यादित नव्हता. ऑनलाइन काम, पूर्ण केलेला गृहपाठ, चाचणी, शाळेचा विद्यार्थ्याशी किंवा पालकांशी झालेला संपर्क, हे सगळं त्यात येत होतं. पालकांशी झालेला संपर्क आम्ही हजेरीत धरत नाही, तेवढ्यापुरते आम्ही त्या कायद्याहून कडक आहोत. बाकी दोन्ही दाखले एकत्र ठेवले तर मार्ग दिसतो : थेट वर्ग थोडे, काम मोजकं, आणि हजेरी दोन्हींतून.

महिन्याचा कॅटलॉग वाचणं हे आमच्या मते या सगळ्यातलं सर्वांत मोलाचं काम, आणि त्याला सर्वांत कमी वेळ दिला जातो. पाच खुणा असल्या की प्रत्येक मुलाची ओळ काहीतरी सांगायला लागते. सकाळच्या दोन तासिका ‘थ’ आणि त्यानंतर रोज रिकामं असेल, तर दिवसाचा डेटा तिथे संपतो किंवा फोन त्या वेळी कामावर जातो. अशा मुलाला ताकीद देऊन काही होत नाही, त्याचे महत्त्वाचे विषय सकाळी घ्यावे लागतात. थोरला आणि धाकटा आलटून पालटून गैरहजर असतील तर घरात एकच उपकरण आहे, दोन तुकड्यांची वेळापत्रकं एकमेकांना छेद देत आहेत. हे एका शाळेत दोन कॅटलॉग शेजारी ठेवले की पाच मिनिटांत दिसतं, पण सहसा कुणी ते शेजारी ठेवत नाही. फक्त एकाच विषयाला मूल नसेल तर कारण त्या विषयात किंवा त्या तासाच्या लिंकमध्ये शोधावं. रोज सगळ्या तासिकांना ‘थ’, पण महिनाभरात एकही काम नाही, एकाही प्रश्नाला उत्तर नाही, अशी ओळ सर्वांत फसवी. जुन्या नियमाने हे मूल शंभर टक्के हजर. प्रत्यक्षात फोन वर्गात असतो आणि मूल दुसरीकडे, किंवा मूल समोर असतं पण त्याला पहिल्या आठवड्यापासून काही समजलेलं नसतं. उलट एक मूल थेट वर्गात कधीच नाही, पण रोजचं काम पूर्ण. जुन्या नियमाने ते नापास व्हायच्या यादीत.

टक्केवारी काढताना भाजक बघावा. एका महिन्यात २४ शालेय दिवस आहेत. एका मुलाच्या १२ ‘थ’, ४ ‘का’, २ ‘त’, ३ ‘ग’, आणि ३ दिवस शाळेचंच सर्व्हर बंद. जुना हिशेब : २४ पैकी १२, पन्नास टक्के, पालकांना पत्र. आमचा हिशेब : शाळेच्या चुकीचे ३ आणि ‘त’चे २ दिवस भाजकातून वगळायचे, उरले १९. त्यात हजेरी १६. म्हणजे ८४ टक्के. मूल तेच आहे. आणि त्याच्याबद्दल बोलायचे दिवस तीन, ते नेमके कोणते हेही दिसतं. एकूण दिवसांच्या दहा टक्के गैरहजेरी ही अनेक ठिकाणी धोक्याची खूण मानली जाते. २०० दिवसांच्या वर्षात ते २० दिवस होतात, पण वीस भरेपर्यंत थांबायचं नसतं. वीस दिवसांच्या महिन्यात दुसरी ‘ग’ पडली, की तीच ती खूण.

‘ग’ पडल्यावर कोणी काय करायचं, हे नावानिशी ठरलेलं असावं. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत वर्गशिक्षकांचा संदेश. दुसऱ्या दिवशी फोन, आणि तो उचलला नाही तर संध्याकाळी पुन्हा एकदा, कारण दिवसा कामावर असलेले पालक फोन घेऊ शकत नाहीत. तिसऱ्या दिवशी प्रवेशअर्जावरचा दुसरा नंबर. पाचव्या दिवशी शाळेतलं कुणीतरी घरी जावं, आणि हे काम एकट्या वर्गशिक्षकांवर न टाकता दोघांनी मिळून करावं. प्रत्येक प्रयत्नाची एक ओळ लिहून ठेवावी : तारीख, वेळ, कोणाशी बोलणं झालं, काय कळलं, पुढे काय ठरलं. ही वही नसेल तर वर्गशिक्षक रजेवर गेले की पाचव्या दिवशीची भेट पुन्हा पहिल्या दिवसावर येते. कॅलिफोर्नियाच्या त्या कायद्यातही आठवड्यात तीनहून अधिक दिवस किंवा साठ टक्के दिवस सहभाग नसेल, तर मुलाला परत जोडून घेण्याची लेखी पद्धत शाळेकडे असणं बंधनकारक होतं.

पहिल्या दिवशीच्या संदेशाची भाषा महत्त्वाची आहे. ‘आपला पाल्य आज गैरहजर होता, याची गंभीर नोंद घ्यावी’ असा संदेश गेला की पुढचा फोन उचलला जात नाही. त्याऐवजी असं लिहावं : ‘आज सायली वर्गात दिसली नाही. तब्येत बरी आहे ना? रेंज किंवा फोनची अडचण असेल तर १ लिहून पाठवा, तब्येतीची असेल तर २, दुसरं काही असेल तर ३. आजचं काम गणित पान ४२, उदाहरणं १ ते ५. परवापर्यंत पाठवलं तरी चालेल.’ एका आकड्यात उत्तर देता येतं, म्हणून उत्तर येतं. आणि गैरहजर मुलांची यादी तुकडीच्या गटावर टाकणं पूर्ण बंद करावं. त्या यादीने एकही मूल वर्गात परत आल्याचं आम्ही पाहिलेलं नाही, गट सोडून गेलेले पालक मात्र पाहिले आहेत.

हे सगळं करायला माणूस आणि वेळ लागतो. चाळीसच्या तुकडीत सहा मुलं गैरहजर असतील आणि एका फोनला आठ मिनिटं लागली, तर ४८ मिनिटं झाली, म्हणजे एक पूर्ण तासिका. ती वेळापत्रकात वर्गशिक्षकांच्या नावे कामाची तासिका म्हणून लावावी. न लावता फक्त ‘पाठपुरावा करावा’ असं परिपत्रकात लिहिलं, तर पाठपुरावा कागदावर होईल. शाळेने संपर्कासाठी वेगळा नंबर द्यावा, शिक्षकांच्या खासगी नंबरवर रात्री अकराला फोन येऊ नयेत. तसंच एकाच दिवसाची हजेरी ॲपमध्ये, कॅटलॉगमध्ये आणि अधिकाऱ्यांच्या ऑनलाइन तक्त्यात अशी तीनदा भरायला लावू नये. आपल्याला हवा तो आकडा पक्क्या कॅटलॉगमधून आठवड्यातून एकदा घ्यावा.

ज्या मुलांना ऐकू येत नाही त्यांना तोंडी हजेरी आणि आवाजावरचा वर्ग दोन्ही बंद दारासारखे आहेत. त्यांच्यासाठी बोलणं अक्षरांत दाखवणाऱ्या ओळी किंवा सांकेतिक भाषेतला दुभाषा पडद्यावर कायम दिसेल असा हवा, आणि हजेरी त्यांच्या कामावरून धरावी. दृष्टी अधू असलेल्या मुलाला फोटोतली कार्यपत्रिका वाचता येत नाही, मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला चित्रातला मजकूर बहुधा कळत नाही. त्याला टाइप केलेला मजकूर द्यावा. पडद्यामुळे डोकेदुखी किंवा फिट येणाऱ्या मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने थेट वर्गातून सूट द्यावी आणि ‘का’ हीच त्यांची नेहमीची खूण मानावी. आजारी मूल घरीच असतं म्हणून ते वर्गाला बसू शकतं, हा समजही सोडावा. ताप असलेल्या मुलाला सुट्टी हवी, मग शाळा कुठेही भरो.

शेवटचा मुद्दा शिक्षेचा. घरून शिकण्याच्या काळातल्या टक्केवारीवरून परीक्षेला बसू न देणं, नाव पटावरून कमी करणं किंवा दंड आकारणं, यातलं काहीही करण्याआधी पाठपुराव्याच्या वहीतल्या किमान चार नोंदी आणि एक घरभेट दाखवणं शाळेवर बंधनकारक करावं. नोंदी नसतील तर कारवाई होऊ नये.

पालकांना जाणारी सूचना एका पानाची असावी, आणि शक्यतो वर्ग सुरू होण्याआधी तीन दिवस, मुलाच्या हातात कागदावर पोहोचावी. तिच्यात पाच खुणांचा अर्थ, थेट तासिकांच्या वेळा, काम पाठवायची मुदत, अडचण कळवायचा नंबर आणि कॅमेऱ्याची सक्ती नाही हे वाक्य, एवढं लिहावं. तो नंबर सकाळी पहिली तासिका सुरू होण्याच्या अर्धा तास आधीपासून संध्याकाळी सातपर्यंत कोणीतरी उचलेल, याची व्यवस्था करूनच सूचना छापायला द्यावी.

कळावे.

आपले,
हजेरी घेणारे, तपासणारे आणि तिचे तक्ते जुळवणारे काही शिक्षक व कर्मचारी